दहा थाऊ

इंजिनाच्या तळाशी तेलाचा ट्रे असतो, त्याला संप म्हणतात. त्याचे सगळे बोल्ट निघाले तरी तो खाली येईना. मधलं गास्केट, म्हणजे तेल अडवणारी पट्टी, चिकटून बसलं होतं. रबरी हातोडीने चारही बाजूंनी हलकं ठोकलं, मग पातळ पात्याने कड सोडवली, तेव्हा तो पत्र्याचा ट्रे अलगद माझ्या हातांवर उतरला. तळाशी थोडं काळं तेल उरलं होतं. त्यात बोट फिरवलं तर काहीतरी लागलं. बाहेर काढून फडक्याने पुसलं. चंद्रकोर होती. कपाळावर रेखतात तशीच, फक्त मोठी, धातूची, आणि एका अंगाने झिजून पात्यासारखी पातळ झालेली.

तिची जागा तिथे नव्हती. क्रँकशाफ्ट हा इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आणि मेन बेअरिंग म्हणजे त्याला पेलणारे आधार. त्यांतल्या मागच्या बेअरिंगच्या दोन बाजूंना अशा दोन कोरी बसवलेल्या असतात. थ्रस्ट वॉशर म्हणतात त्यांना. क्रँकने जागच्या जागी फिरावं, पुढेमागे सरकू नये, एवढंच त्यांचं काम. त्यातली मागची कोर झिजत झिजत इतकी बारीक झाली होती की खाचेतून फिरून बाहेर आली आणि तेलात पडली.

आठवडाभर आधीच मला शंका आली होती. क्लच दाबला की खालून 'ठक्' असा दबका आवाज यायचा. मग एका रविवारी नवऱ्याला क्लच दाबायला आत बसवलं आणि मी पुढे वाकून क्रँकच्या पुलीकडे बघत राहिले. त्याने पाय दाबला, पुली डोळ्यांदेखत पुढे आली. पाय काढला, मागे गेली. खरं तर हे सरकणं काही थाऊंचं असायला हवं, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मोजायला डायल गेज लावावा लागेल इतकं बारीक. माझ्या गाडीत ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर 1500, 1978 सालची. दोन माणसांची, उघड्या टपाची, बसल्यावर रस्ता हाताला लागेल इतकी बुटकी. ही गाडी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कॅनली भागातल्या कारखान्यात जन्मली आणि मी आज तिथून जवळच राहते. 1980 मध्ये स्पिटफायरचं उत्पादन थांबलं. पुढे कारखानाही गेला, आणि त्या जागेवर ऑफिसं आणि गोदामं उभी राहिली. रस्त्यांना ट्रायम्फच्या गाड्यांची नावं तेवढी राहिली आहेत: हेरल्ड अव्हेन्यू, डॉलोमाइट अव्हेन्यू. नोकरीसाठी या गावात आले तेव्हा हेरल्ड अव्हेन्यूची पाटी पहिल्यांदा दिसली आणि मी रस्त्याच्या कडेला थांबून बराच वेळ ती बघत उभी राहिले.

कारण हेरल्ड मला कोल्हापुरातच भेटली होती. राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961 पासून ही गाडी भारतात बनवली, 948 सीसीच्या इंजिनाची. तिचं बॉनेट मडगार्डसकट पुढच्या बाजूला उलटं उघडायचं, आणि सगळं इंजिन, पुढची दोन्ही चाकं उघडी पडायची. त्या गाडीचं इंजिनकाम निघालं तेव्हा तिचा क्रँक माझ्या मामाच्या हाताखाली आला. मामा शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंगच्या मशीनवर होता. त्याच्याकडे बहुतेक काम ऑइल इंजिनांचं नि ट्रॅक्टरचं. विहिरीवरच्या पंपांचे ते जाडजूड क्रँक बघायची मला सवय होती. हेरल्डचा क्रँक त्यांच्या शेजारी ठेवल्यावर नाजूक दिसला. मी आठ वर्षांची असेन. "मामा, हे काय आहे?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "आजीच्या जात्याचा खुंटा."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी क्रँक याहून चांगला समजावून सांगितला नाही. जात्याचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो. म्हणून दळणाऱ्या बाईचा हात पुढेमागे जातो आणि दगड गोल फिरतो. पिस्टन म्हणजे तिचा खांदा, कनेक्टिंग रॉड म्हणजे हात, आणि क्रँकपिन म्हणजे खुंटा. चार सिलिंडरच्या इंजिनात एकाच दांड्यावर असे चार खुंटे असतात, दोन एकीकडे, दोन समोर. खुंट्याचं भोक झिजलं की जातं कसं बोलायला लागतं, हे ज्यांनी दळण दळलं आहे त्यांना माहीत असेल. इंजिनही तसंच बोलतं. बिग एन्ड, म्हणजे रॉडचं खुंट्यावरचं बेअरिंग, गेलं असेल तर ॲक्सिलरेटर सोडताना टकटक येते. मेन बेअरिंग गेलं असेल तर आवाज खोलवरचा, छातीत जाणवणारा, आणि गाडी चढाला लागली की वाढणारा.

कॅनलीच्या स्पिटफायरचं इंजिन त्या हेरल्डच्याच घराण्यातलं. 1953 च्या स्टँडर्ड एटमध्ये ते 803 सीसीचं होतं. मग 948, 1147, 1296 असं वाढत गेलं. आधीची सगळी वाढ सिलिंडरचा व्यास वाढवून झाली, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 76 मिलिमीटरच राहिला. 1493 सीसीला पोचताना मात्र स्ट्रोक 87.5 मिलिमीटर केला. म्हणजे खुंटा मध्यापासून आणखी लांब गेला, पिस्टनची धाव वाढली, आणि क्रँकला आधार द्यायला मेन बेअरिंग पहिल्यापासून होती तेवढीच, तीन. म्हणून या इंजिनाला फार पिळू नये. खालच्या फेऱ्यांत ते जीव लावून ओढतं. वेल्सच्या डोंगरात तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेताना जो आवाज येतो, त्यासाठीच मी ही गाडी ठेवली आहे.

पण क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकतात म्हणून झिजतात, असं जे वाटतं ते पुरतं खरं नाही. चालू इंजिनात ते टेकतच नाहीत. मधे तेलाचा एक पदर असतो आणि सगळा भार त्या पदरावर तरंगतो. हे माणसाला कसं कळलं ती गोष्ट मला फार आवडते. 1883 च्या सुमारास बोशँप टॉवर नावाचा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वंगण घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडलं. आस फिरायला लागला तर त्या भोकातून तेल उलटं वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तिथे प्रेशर गेज लावला. बेअरिंगवर सरासरी भार चौरस इंचाला 100 पौंड होता, आणि काटा 200 च्या पुढे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखं आपल्या आणि बेअरिंगच्या मध्ये ओढून घेत होता आणि बेअरिंग त्या तेलावर स्वार होत होतं. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्यामागचं गणित मांडलं.

हा पदर टिकायला फट नेमकी लागते. इंचभर व्यासाला साधारण एक थाऊ. माणसाचा केस दोन-तीन थाऊंचा असतो. फट नेमक्या मापाहून वाढली की तेल बाजूने निसटतं, प्रेशर पडतं, आणि मग धातू धातूला भेटतो. गाडी सुरू करतानाचे पहिले काही क्षण तर पदर नसतोच. स्पिटफायरमध्ये फिल्टर आडवा बसतो, रात्रभरात त्यातलं तेल खाली उतरतं, आणि सकाळी सुरू करताना एक खडखड ऐकू येते. आत झडप असलेला फिल्टर वापरला तर ती थांबते.

थ्रस्ट वॉशरचं दुखणं वेगळं आणि ते माझ्या पायातून आलं होतं. क्लच दाबून ठेवला की त्याच्या स्प्रिंगचा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि मागची कोर तो जोर पेलते. मला लाल सिग्नलला गिअरमध्ये, क्लच दाबून उभं राहायची सवय होती. कोल्हापुरात गाडी शिकले तेव्हापासूनची. दाभोळकर कॉर्नरला हिरवा पडला आणि गाडी लगेच निघाली नाही तर मागून हॉर्न बसायचे, म्हणून पाय तयार ठेवायचा. त्या काही पौंड किमतीच्या कोरीवर मी सहा वर्षं प्रत्येक सिग्नलला उभी होते. वर्षातून एकदा पुली बघितली असती तर संप आणि मागची कॅप काढून, इंजिन गाडीतच ठेवून, अर्ध्या दिवसात नवीन कोरी बसल्या असत्या. कोर पडल्यावर क्रँकचा चेहरा थेट ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, घासायला लागतो. तिथे ब्लॉक खाल्ला गेला तर पुढचं काम फार अवघड होतं. माझा ब्लॉक वाचला होता. क्रँकच्या चेहऱ्यावर मात्र चरे उठले होते.

इंजिन बाहेर काढलं. मेन कॅप, रॉड कॅप एकेक सोडवून क्रमाने मांडल्या, कारण प्रत्येक कॅप आपल्याच जागेची असते, अदलाबदल चालत नाही. बेअरिंगची अर्धगोल शेलं हातात घेतली. वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस धातू डोकावत होता. रॉडचं एक शेल उलटं केलं तर पाठीवर छोटे आकडे ठोकलेले होते: 010.

म्हणजे माझ्या आधी कुणीतरी इथे येऊन गेलं होतं. गाडीच्या कागदांत त्याची नोंद नाही. कधी, कुठल्या गावात, कुणी घासला, काहीच माहीत नाही. पण कुणीतरी हा क्रँक उतरवला होता, पिनांवरून दहा थाऊ काढले होते, आणि त्या मापाची जाड शेलं घालून पुन्हा बसवला होता. काम चोख होतं. पिनांच्या कोपऱ्यांतला गोलावा अजून तसाच होता.

त्या रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावला. तो आता ऐंशीचा आहे. मी फोन क्रँकवर धरला. तो काही बोलण्याआधी मीच विचारलं, "मामा, बदलावा लागेल का हो?"

"आधी मोज," मामा म्हणाला. "मोजल्याबिगर काय सांगू?"

मोजलं. मायक्रोमीटर घेऊन प्रत्येक जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग, दोन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. जर्नल कधी गोल झिजत नाही. स्फोटाचा मार एकाच अंगावर बसतो, म्हणून ते अंडाकृती होतं. मेन जर्नल मूळ मापाची होती, 2.31 इंचांच्या आसपास, पण मधल्या जर्नलवर नखाला लागेल अशी चर होती. पिना मुळात 1.875 इंचांच्या. त्यातले दहा थाऊ आधीच गेलेले, आणि चौथ्या पिनवर दोन दिशांत जवळपास दोन थाऊंचा फरक. आकडे एका कागदावर लिहून मामाला फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"अजून मांस हाय की पोरी त्याच्यावर. मेन दहाला घे, पिना वीसला घे. तीसपर्यंत जातंय ते."

गाडीवेड्या मित्रांचं मत वेगळं होतं. त्यांची बाजूही चुकीची नव्हती. कुणी म्हणालं, मोडीत निघालेल्या गाडीचा मूळ मापाचा क्रँक शोध. कुणी म्हणालं, अख्ख्या पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेला नवा मिळतो, तो घे आणि आयुष्यभर विसरून जा. त्याची किंमत हजारांत, पण ज्यांना शर्यतीत उतरायचं आहे त्यांनी तो घ्यावाच असं मीही म्हणेन. चढत्या फेऱ्यांत जुन्या क्रँकवर विश्वास टाकणं धोक्याचं आहे. तडा निघाला असता, किंवा पिना आधीच तीसवर असत्या, तर मीही बदललाच असता. मोडीतला क्रँक मात्र मला पटेना. तो कसा वापरला गेला हे आपल्याला माहीत नसतं, आणि तोही शेवटी घासूनच घ्यावा लागतो.

माझा क्रँक वीसला जाऊन पुरता टिकणार होता. त्याच्यावर आणखी दहा थाऊ उरणार होते. धातू शिल्लक असताना तो फेकून देणं मला अन्नाची नासाडी वाटते. ही शिकवण कुठून आली ते मला नेमकं आठवतं. आजीच्या दारावरून बाई हाक देत जायची, "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ." गुळगुळीत झालेला दगड दळत नाही, त्याला छिन्नीने पुन्हा खरबरीत करावं लागतं. आजी शेजारी बसून राहायची आणि दर दोन मिनिटांनी म्हणायची, "हलक्या हातानं गं. दगड पातळ व्हायलाय." प्रत्येक टाकीला जातं चांगलं व्हायचं आणि प्रत्येक टाकीला थोडं कमी व्हायचं. क्रँकचं तेच. दुरुस्ती म्हणजे इथे काही जोडणं नसतं, मोजून काढून टाकणं असतं. म्हणून जितकं लागेल तितकंच काढायचं.

घासायला नेला तो वर्कशॉप बर्मिंगहॅमकडच्या एका जुन्या वस्तीत आहे. कमानीचं दार, आत तेलाचा आणि कूलंटचा तोच वास, जो उद्यमनगरात मामाच्या शर्टाला यायचा. तिथला म्हातारा कारागीर फारसं बोलणारा नव्हता. त्याने आधी क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून, मधल्या जर्नलवर डायल लावून हाताने फिरवला. काटा जेमतेम एक थाऊ हलला. दांडा सरळ होता. मग तो मला एका अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. क्रँकला चुंबकत्व दिलं, त्यावर लोखंडाच्या चमकणाऱ्या कणांचं पाणी सोडलं आणि जांभळा दिवा लावला. तडा असेल तर चुंबकाच्या रेषा तिथे बाहेर सांडतात, कण त्या जागी गोळा होतात, आणि अंधारात हिरवट रेघ उजळते. तो प्रत्येक पिनच्या कोपऱ्याशी, तेलाच्या प्रत्येक भोकाशी थांबत होता. माझा श्वास त्याच्या हाताबरोबर थांबत होता. रेघ नव्हती. बाहेर आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते चुंबकत्व उतरवायचं. नाहीतर क्रँक जन्मभर तेलातला लोखंडाचा कीस ओढत राहतो.

पिना घासताना क्रँक मशीनवर मध्यातून धरत नाहीत. जी पिन घासायची तिचा मध्य मशीनच्या मध्यावर आणतात, म्हणजे ती पिन जागच्या जागी फिरते आणि बाकीचा सगळा क्रँक तिच्याभोवती झुलत राहतो. लहानपणी मी हे बघायला तासन्‌तास उभी राहायचे. लोखंडाचा तो वेडावाकडा दांडा लंगडत फिरतोय, पांढरं कूलंट ओतलं जातंय, आणि त्या सगळ्या धांदलीत मोठ्या चाकासमोरची एक पिन शांत, चकचकीत, अगदी गोल. इथेही तेच दिसलं. कारागिराने हिऱ्याने चाकाच्या दोन्ही कडा गोल करून घेतल्या. मी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "कोपरा कधीही टोकदार सोडायचा नाही." मामाही हेच म्हणायचा: कोपरा चौकोनी राहिला तर क्रँक तिथंच तुटतो. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नाही.

शेवटचा अर्धा थाऊ काढताना तो दर थोड्या वेळाने चाक मागे घेऊन मोजत होता. नंतर तेलाच्या भोकांच्या धारदार कडा मारल्या, पट्ट्याने पॉलिश केलं. थ्रस्टच्या चेहऱ्यावरचे चरे जेमतेम जातील एवढं काढलं आणि सांगितलं, की आता जाड मापाच्या कोरी लागतील. फ्लायव्हील आणि क्लच लावून क्रँक बॅलन्सही करून दिला.

घरी आल्यावर दोन संध्याकाळी नुसती साफसफाई केली. क्रँकच्या आत मेन जर्नलपासून पिनांपर्यंत तेलाच्या वाटा असतात. फिरताना तेलातली घाण त्यांच्या भिंतींना जाऊन बसते, आणि त्यात आता घासणीची पूडही असते. ती राहिली तर नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतात. लांब बारीक ब्रश, पॅराफिन, मग हवा, मग पुन्हा ब्रश. पांढरं फडकं पांढरं निघेपर्यंत.

मग बेअरिंग बसवली, फट मोजायचा प्लास्टिगेजचा दोरा ठेवून कॅप आवळल्या, पुन्हा सोडल्या. चेपलेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीशी ताडून बघितली. सगळीकडे दीड ते दोन थाऊ. कोरी लावल्या, खोबणींची बाजू क्रँककडे, आणि डायल लावून क्रँक पुढेमागे ढकलला. सहा थाऊ. पुन्हा ढकलला. सहा. भरपूर तेल लावून सगळं आवळल्यावर क्रँक दोन बोटांनी फिरला.

इंजिन गाडीत गेलं, पण किल्ली फिरवली नाही. डिस्ट्रिब्युटर आणि त्याखालचा गिअर काढून, ड्रिलला लांब पातं लावून आधी ऑइल पंप फिरवला. स्पिटफायरला कंपनीचा फक्त ऑइलचा दिवा असतो. मी गेज वेगळा बसवला आहे. काटा काही सेकंद पडून राहिला, मग हळूच उठला. बऱ्याच वेळाने इंजिनाच्या माथ्यावरच्या रॉकरवर तेल आलं. त्यानंतर गिअर आणि डिस्ट्रिब्युटर जागेवर बसवून इंजिन सुरू केलं. खालून कुठलाही आवाज आला नाही. गरम झाल्यावर मिनिटाला 2000 फेऱ्यांना ऑइल प्रेशर 50 पौंड.

क्रँक बसवण्याआधी कारागिराला मी एक विनंती केली होती, आणि त्याने काउंटरवेटवर, म्हणजे क्रँकचा तोल सांभाळणाऱ्या वजनावर, कोरून दिलं होतं: मेन 10, पिन 20. गाडीच्या फाइलमध्येही मी सगळे आकडे तारखेसकट लिहून ठेवले आहेत. 010 ठोकलेलं ते जुनं शेल त्याच फाइलला पिशवीत लावलं आहे. मामाला फोटो पाठवला. त्याने उत्तर दिलं, "तीसचं माप अजून बाकी."

पहिल्या शनिवारी कॅनलीकडे गेले. टप उघडा होता, ऊन कोवळं होतं. सिग्नल लाल झाला. गिअर न्यूट्रलला टाकला, क्लचवरून पाय उचलला आणि फरशीवर सपाट ठेवला. मागे एक व्हॅन येऊन थांबली. मी गेजकडे बघत बसले.